गोल चकतीची फट

"हात मागं घे आधी."

आज नांदेडच्या वर्कशॉपमध्ये मामांनी एवढंच म्हटलं आणि बँडसॉचं, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्यानं लाकूड कापणाऱ्या मशीनचं, बटण बंद केलं. नवीन पोरगं मशीनच्या टेबलात पात्याभोवती बसणारी जुनी, फट मोठी झालेली चकती काढून नवी बसवायच्या तयारीत होतं. प्लायची छोटी गोल चकती चिमटीत धरून तो चालू पात्याकडे नेत होता, फट पाडायला.

चकती बदलायला हवीच होती. पात्याभोवती मोकळी जागा राहिली की सागाच्या बारीक पट्ट्या त्यात पडून अडकतात, लाकडाच्या खालच्या बाजूचे तंतूही फाटतात. पण मामा म्हणाले, "टेबलाला भोक केवढं? चकतीएवढंच. पातं खाली ओढतंय, चकती भोकात जाईल अन् तुझी बोटं तिच्यामागं. कशाची घाई करायलास पोरा?"

मी कितीदा हे काम पाहिलंय, पण त्या भोकाचा विचार कधी मनात आला नव्हता.

मग त्यांनी चकती दुतर्फा टेपनं एका लांब, सरळ फळीवर चिकटवली. पातं झाकणारं गार्ड खाली, लाकडाच्या अगदी जवळ आणलं. फळी धरून हात लांब ठेवत मध्यापर्यंत फट पाडली. मशीन बंद केली. चाकं पूर्ण थांबेपर्यंत फळी हलवली नाही.

आपल्याकडे बहुतेक पोरं बघून बघूनच शिकतात. हात कसा चालतो ते दिसतं, तो तिथंच का थांबतो ते कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये ते कोण सांगतं?