डबा १२, सीट ई

तोक्योहून क्योतोला जाताना शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, ई सीट घ्या, हे सहलीच्या ग्रुपला मीच सांगतो. सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास उजव्या हाताला फुजी पर्वत दिसतो. दिसेलच असं नाही, ढगांची मर्जी. त्या दिवशी लख्ख दिसला. ग्रुपमधल्या एका काकांनी फोटो काढताना मध्ये लुडबुडतो म्हणून गळ्यातला पाऊच काढून समोरच्या जाळीत ठेवला. पाऊचमध्ये पासपोर्ट, थोडे येन आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

हे कळलं क्योतोला, गेटच्या बाहेर, स्टेशनच्या हाचिजो नावाच्या बाजूला. मी माणसं मोजत होतो आणि काकांचा हात छातीवर गेला. मला आधी भलतीच शंका आली. गाडी एव्हाना पुढच्या स्टेशनच्या, ओसाकातल्या शिन-ओसाकाच्या वाटेवर होती. ती तिथेच संपणारी होती, हे आमचं नशीब. हाकाताला जाणारी असती तर पासपोर्ट थेट क्युशू बेटावर पोचला असता.

काका गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे धावले. "सर, पासपोर्ट! सर, ट्रेन!" पाठोपाठ फुजी, फोटो, जाळी, सगळं मराठीमिश्रित इंग्रजीत. तो बिचारा मान हलवत ऐकत होता. अडचण आली की आपण कहाणी सांगायला लागतो. समोरच्याला मात्र गाडीचा नंबर, डबा, सीट आणि पाऊचचा रंग हवा असतो. नाव त्याने सर्वांत शेवटी विचारलं.

गंमत अशी की हे सगळं ज्या तिकिटावर छापलेलं असतं, ते तिकीट बाहेर पडताना गेटच गिळून टाकतं. म्हणून गाडीत चढण्याआधी मी फलाटावर प्रत्येकाच्या तिकिटाचा फोटो काढून ठेवतो. लोक हसतात, हसू देत. काकांच्या तिकिटाचा फोटो मोबाइलवर मोठा करून कर्मचाऱ्यासमोरच्या काचेला लावला. त्याने डबा १२, सीट ई कागदावर उतरवून घेतलं, पाऊच निळा की काळा हे दोनदा विचारलं आणि फोन उचलला.

तो बोलत असताना माझ्या डोक्यात पुढची तयारी सुरू होती. पासपोर्ट सापडला नाही तर आधी कोबान, म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी, तिथे तक्रार. ती घेऊन ओसाकातलं भारतीय वाणिज्य दूतावास, तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट. त्यावर फक्त मायदेशी परतता येतं, सहल तिथेच संपते. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवा म्हणतो ते याचसाठी. त्याच पाऊचमध्ये ठेवले तर काय उपयोग?

"मग हॉटेलच्या तिजोरीतच ठेवला असता," काका पुटपुटले. इतर देशांत चालेलही, पण जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. गळ्यात, शर्टाच्या आत, आणि फुजी दिसला तरी बाहेर काढायचा नाही.

फोन ठेवून त्याने दोन्ही हातांनी गोल केला. जपानमध्ये गोल म्हणजे होय. शिन-ओसाकाला डबा साफ करताना पाऊच जाळीतच सापडला होता. मात्र न्यायला स्वतः यावं लागेल.

ग्रुपला स्थानिक गाइडबरोबर पुढे पाठवलं. काकूंना विचारलं, तुम्ही येता का? "यांचं काय ते तुम्ही बघा. मी सोन्याचं देऊळ बघायला इथवर आले आहे," असं म्हणून त्या बसमध्ये चढल्याही.

ओसाकाला पाऊच ट्रेमध्ये ठेवून समोर आला. आतली प्रत्येक नोट मोजून यादी केलेली, गोळ्यांची पाकिटंसुद्धा. काकांचा चेहरा पासपोर्टशी ताडून पाहिला, सही घेतली. काकांनी कृतज्ञतेने हजार येनची नोट पुढे केली. कर्मचाऱ्याने दोन्ही हात हलवत ती परत सरकवली. काकांनी पुन्हा पुढे केली. शेवटी मी त्यांचा हात धरला. टीप देण्याची तिथे पद्धत नाही, आग्रह केला तर समोरचा अवघडतो.

किनकाकुजी, म्हणजे काकूंचं सोन्याचं देऊळ, पाचला बंद होतं. आम्ही पोचलो तेव्हा काकू फाटकातून बाहेर येत होत्या. "फोटो काढलेत तुमच्यासाठी," त्या काकांना म्हणाल्या, "आधी तो पाऊच इकडे द्या."