दुःखाचं पंपघर

लिस्बनच्या अल्फामा वस्तीत, नदीकडच्या अंगाला एक गुलाबी इमारत आहे. पूर्वी तिथून शहराला पाणी चढवायचे. १९९८ पासून तिथं फादोचं संग्रहालय आहे. फादो हे लिस्बनचं खास गाणं. एकोणिसाव्या शतकात गुत्त्यांत आणि बंदराजवळच्या गल्ल्यांत वाढलेलं, बहुतेक वेळा रडवणारं. तलवार काचेत मांडता येते, पगडी मांडता येते. गाणं कसं मांडणार, ही शंका घेऊनच मी आत गेले.

त्यांनी सोय साधी केली आहे. कानाला यंत्र लावायचं आणि फिरत फिरत ऐकायचं. भिंतभर गायक-गायिकांचे फोटो, आणि समोर अनोळखी माणसं, जो तो आपापल्या दुःखात उभा. बघायला मोठी गंमत वाटते.

मी रेंगाळले ती गिटारींपाशी. पोर्तुगीज गिटारीचं पोट गोलसर, तारा बारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. सूर लावायचे स्क्रू डोक्यावर पंख्यासारखे पसरलेले. वाजवणारे बोटांत नख्या घालतात. डोक्याच्या टोकाला गोगलगायीचं वेटोळं असेल तर वाद्य लिस्बनच्या घाटाचं. अश्रूचा थेंब असेल तर कोइंब्रा या पोर्तुगालमधल्याच दुसऱ्या शहराच्या. (आधीच गाणं दुःखाचं, त्यात वाद्यावरही अश्रू कोरायचा, म्हणजे जरा अतीच झालं!)

जुझे माल्योआचं १९१० सालचं चित्रही इथं आहे. गिटार छेडणारा एक गडी आणि टेबलाला रेलून ऐकणारी बाई. सांगतात की हा गडी वरचेवर तुरुंगात जायचा आणि चित्र पुरं व्हावं म्हणून चित्रकारालाच पोलिसांकडे खेटे घालावे लागायचे.

पोलिसांचा आणि फादोचा संबंध तसा जुनाच. १९२७ च्या कायद्यानं गाणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला, आणि गाण्याचे शब्द आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावे लागू लागले. आता गुत्त्यात आयत्या वेळी सुचलेल्या ओळीवर शिक्का कुणाकडून मारून घ्यायचा? पुढं हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं याच गाण्याला देशाची शान म्हणून मिरवलं. म्हणून ती राजवट उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर अनेकांनी फादोवरच राग काढला. मग २०११ मध्ये युनेस्कोनं त्याला वारसा ठरवलं. गाण्यानं बिचाऱ्यानं करायचं तरी काय?

गोव्यात सोनिया शिरसाटांचा फादो समोर बसून ऐकलेल्यांना कानातल्या यंत्राचं फारसं कौतुक वाटणार नाही. संग्रहालयातून निघून जवळच्याच एखाद्या फादोघरात बसावं हे खरं. दिवे मंद होतात, वाढपी हातातलं काम थांबवतात, आणि कुणी कुजबुजलं तर शेजारचे डोळे वटारतात. गाणं संपलं की टाळ्या. कोइंब्राची रीत मात्र न्यारी. तिथं विद्यापीठातली पोरं काळे झगे घालून गातात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दाद टाळ्यांनी द्यायची नसते, घसा खाकरून द्यायची. आपल्याकडच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून खोकणाऱ्या काकांना एकदा तिकडे पाठवायला हवं.