पत्रकार कक्षातून सभागृहाकडे

जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत वर्षानुवर्षे बातमीसाठी चकरा मारलेला पत्रकार निवडणुकीला उभा राहिला, की त्याच्या हेतूविषयी कुजबूज सुरू होते. मला मात्र ही वाट आडवळणाची वाटत नाही. ‘केसरी’ चालवत असतानाच लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले होते.

महापालिकेचे वार्तांकन मीही केले आहे. अंदाजपत्रक आयुक्तांकडून सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येते आणि तिथून सर्व नगरसेवकांच्या महासभेकडे जाते, गटारीसाठी लोक नगरसेवकाला धारेवर धरतात पण कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती असतात, आणि विषयपत्रिकेपेक्षा ‘आयत्या वेळचे विषय’ अधिक लक्ष देऊन ऐकावे लागतात, हे सारे पत्रकार कक्षात बसणाऱ्याला नव्या नगरसेवकाच्या कितीतरी आधी उमगलेले असते. त्याला जड जाते ते वेगळेच. काल ज्या खड्ड्याची बातमी केली, त्याचा निधी आज दुसऱ्या प्रभागाशी भांडून मिळवायचा, आणि तो न मिळाल्यास उत्तरही आपणच द्यायचे.

बातमी देणे आणि जबाबदारी पेलणे यांतले हे अंतर राजनयात, म्हणजे परराष्ट्र व्यवहारात, आणखी वाढते. बोरिस जॉन्सन ब्रसेल्सचे वार्ताहर, साप्ताहिकाचे संपादक, २००८ ते २०१६ लंडनचे महापौर आणि त्यानंतर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, अशा पायऱ्या चढत गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी संसदीय समितीपुढे, इराणमध्ये कैदेत असलेली ब्रिटिश-इराणी महिला तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होती, असे चुकीचे विधान केले. ती सुट्टीवर कुटुंबाला भेटायला गेली होती, असे तिचे कुटुंबीय सांगत होते. इराणने मात्र मंत्र्यांचे हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरले. स्तंभलेखकाची सैल जीभ (जी वाचकांना एरवी फार आवडते) त्या पदावर परवडणारी नव्हती.

आपल्याकडे ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर १९९० मध्ये ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. त्यांना नेमणारे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार अल्पजीवी ठरले आणि नय्यर यांचा कार्यकाळही काही महिन्यांतच आटोपला. पुढे १९९७ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले, तरी स्तंभलेखन त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. जळगाव-धुळ्यातून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी जॉन्सन यांच्यापेक्षा नय्यर यांचाच प्रवास अभ्यासायला सांगेन.