ताई, बाबांना जरा समजवा ना

कमी ऐकू येणाऱ्या वडिलांना मशीन लावायला पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदूरला मी कान तपासते आणि कानाची मशीन बसवून देते. प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, मशीन घेऊ हो, पण बाबांना पटवायचं कसं? तुम्ही जरा समजवा ना.’ हे बाबांच्या देखत, आणि मोठ्यांदा. बाबा शेजारी मांडीवर पिशवी धरून भिंतीकडे बघत बसलेले.

समजावण्यातलं माझं कौशल्य आधी ऐका. माझ्या वडिलांना, नानांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा मी त्यांच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, पसरला. इथे रेघ घसरते नाना, हे बघा, म्हणून स, त, थ ऐकू येत नाहीत. नानांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘जिरावण दे.’ (म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला.) मशीन सहा महिने कपाटात, डबीत.

जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये यावर सिद्धांत मांडला. आपल्या निवडीवर कुणी घाला घालतंय असं वाटलं, की माणूस ती निवड परत मिळवायला धडपडतो. नको असलेली गोष्टसुद्धा मग धरून बसतो. आपण याला हट्ट म्हणतो आणि सगळा दोष म्हाताऱ्यावर टाकतो. ब्रेम वाचल्यावर मला ढकलणारा हात दिसायला लागला. तो माझाच होता.

नानांनी शेवटी डबी उघडली ती बागेतल्या बाकावरच्या मित्रामुळे. त्याच्या कानात मशीन होतं आणि तो त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हता. नानांनीच त्याला सेल किती दिवस टिकतो ते विचारलं. पटवायला काय लागतं ते सांगताना ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने तर्काच्या जोडीला बोलणाऱ्याची पत आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती मोजली होती. आता बापापुढे मुलीची पत किती? माझ्या डिग्रीचं त्यांना कौतुक होतं, पण सल्ला द्यायला मी अजून फ्रॉकमधलीच.

एक प्रयोगही 1966 चाच, कॅलिफोर्नियातला. फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अंगणात ‘सावकाश चालवा’ असा भला थोरला, बेढब फलक लावू द्याल का, असं विचारलं. एकदम विचारलं तेव्हा 17 टक्क्यांच्या आसपास तयार झाले. ज्यांनी दोन आठवडे आधी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले 76 टक्के. पुढच्या अनेक प्रयोगांत फरक इतका मोठा निघाला नाही, तेव्हा याला मंत्र समजू नका. पण मी ‘दिवसभर लावा’ म्हणणं सोडलं ते तेव्हापासून. संध्याकाळच्या बातम्यांपुरतं लावा, म्हणते. नाही आवडलं तर परत डबीत.

आणि ओरडू नका, हे मात्र हात जोडून. वयाने जातात ते आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज. ‘साप’, ‘ताप’, ‘थाप’ सगळं एकसारखं. ओरडलं की ‘आ’ फुगतो, ‘स’ जिथल्या तिथे राहतो. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो आणि बाबांना शब्द कळला नाही तरी चेहरा बरोबर कळतो. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, पंखा-टीव्ही बंद करा, थोडं सावकाश बोला. स्वयंपाकघरातून हाक मारून ‘ऐकतच नाहीत’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

परवा असेच एक बाप-लेक आले. मुलाला मी बाहेर बसायला सांगितलं. जरा नाराजच झाला. मी खुर्ची वळवून बाबांच्या समोर घेतली आणि विचारलं, ‘काका, कुणाचं बोलणं ऐकायचंय तुम्हाला?’

बराच वेळ गेला. पिशवीचा बंद त्यांनी दोनदा बोटाला गुंडाळला.

‘नातीचं,’ म्हणाले. ‘पुण्याला असते. फोनवर किती भरभर बोलते, मी नुसता हो हो करतो.’

लहान मुलांचा आवाज बारीक, म्हणजे अगदी तिथेच अडतं. मी त्यांना तसं सांगितलं. ऑडिओग्राम टेबलावर पालथा पडला होता, तो तसाच राहू दिला.

‘कधी येतो तिचा फोन?’

‘रविवारी. अकराला.’

कार्डावर मी तेवढंच लिहिलं.