सेन्सॉरच्या खोलीपासून कलम ६६अ पर्यंत: सोली सोराबजींची वकिली

आणीबाणीतल्या लेखनस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याला डिसेंबर १९७५ मधले कराडचे साहित्य संमेलन आणि अध्यक्षपदी असलेल्या दुर्गाबाई भागवत आठवतात, आणि त्या आठवाव्यात असेच त्यांचे धैर्य होते. मात्र त्याच हिवाळ्यात मुंबईत, फोर्टातल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत, सेन्सॉरशिपविरुद्ध एक खटला चालला आणि जिंकला गेला, याची आठवण मराठीत फारशी कोणी काढत नाही. तो लढवणारे वकील सोली सोराबजी पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, वयाची पंचाऐंशी गाठत असताना, इंटरनेटवरील अभिव्यक्तीच्या सर्वांत महत्त्वाच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. मी तालुका न्यायालयात वकिली करतो, आणि या दोन खटल्यांना जोडणारा धागा माझ्या रोजच्या कामाशी इतका निगडित आहे की त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सोराबजींचा जन्म ९ मार्च १९३० रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि शासकीय विधी महाविद्यालयात शिकून त्यांनी १९५३ साली सनद घेतली आणि १९७१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना ज्येष्ठ वकील म्हणून मान्यता दिली. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांच्या मदतीला जे वकील होते, त्यांत सोराबजी होते आणि फली नरिमनही होते. हे दुसरे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुढे वेगळ्या रीतीने येणार आहे.

आणीबाणीची घोषणा २५ जून १९७५ च्या रात्री झाली आणि लगेच वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचा आदेश आला. ठरावीक विषयांवरचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे पाठवायचा, त्याने शिक्का मारला तर छापायचा आणि नाकारला तर काढून टाकायचा, अशी ती पद्धत होती. मिनू मसानी हे स्वतंत्र पक्षाचे जुने नेते ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचे छोटे इंग्रजी मासिक चालवत. त्यांनी पाठवलेल्या मजकुरापैकी अकरा गोष्टी सेन्सॉरने नामंजूर केल्या. अशा वेळी बहुतेक संपादक मजकूर गाळून अंक काढत होते, कारण अंक बंद पडण्यापेक्षा ते बरे, असा हिशेब त्यामागे असे. मसानींनी मात्र मुंबईतले सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि त्यांच्या बाजूने सोराबजी उभे राहिले.

या खटल्याची कायदेशीर अडचण समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. आणीबाणीमुळे घटनेच्या अनुच्छेद १९ मधले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य स्थगित होते, त्यामुळे ‘माझा मूलभूत हक्क हिरावला’ असे म्हणून दाद मागण्याची वाटच बंद झालेली होती. उरला होता एकच मार्ग, तो म्हणजे सरकारनेच केलेला नियम हातात घेऊन सेन्सॉरला विचारणे की, या नियमाने तुला जेवढा अधिकार दिला आहे, त्यात हा मजकूर नेमका कुठे बसतो? देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ज्या उद्देशांसाठी हा अधिकार दिला, त्यांना या लेखातल्या कोणत्या वाक्याने धक्का पोचतो? हक्क स्थगित असले तरी अधिकाऱ्याला कायद्याबाहेर जाण्याची मुभा मिळत नाही, हा त्या भूमिकेचा गाभा होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये न्या. आर. पी. भट्ट यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. डी. पी. मदन व न्या. एम. एच. कानिया यांच्या खंडपीठानेही मसानींची बाजू उचलून धरली. सर्व नियतकालिकांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्या निकालपत्रात म्हटले आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणारा निकाल दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईच्या या निकालामागची छाती दिसते.

पुढची बरीच वर्षे सोराबजी सरकारच्या बाजूला होते. १९७७ ते १९८० सॉलिसिटर जनरल, १९८९-९० मध्ये आणि नंतर १९९८ ते २००४ ॲटर्नी जनरल, २००२ साली पद्मविभूषण, असा तो प्रवास आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा ते देशाचे सर्वोच्च विधी अधिकारी होते. पण कलम ६६अ त्या मूळ कायद्यात नव्हते. ते डिसेंबर २००८ च्या दुरुस्तीने आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले.

ते कलम एकदा नीट वाचून पाहण्यासारखे होते. संगणक किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे हा गुन्हा होता, आणि खोटी आहे हे माहीत असलेली गोष्ट त्रास, गैरसोय, अपमान किंवा वैमनस्य निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणे हाही गुन्हा होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती, आणि गुन्हा दखलपात्र असल्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते. ‘आक्षेपार्ह’ची व्याख्या कुठेही दिलेली नव्हती. याचा व्यवहारातला अर्थ असा की, फिर्यादी ठाण्यात येऊन संतापाने बोलू लागला की मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही याचा निर्णय त्या क्षणी तिथे बसलेला अधिकारी करणार, आणि तो निर्णय करताना त्याच्यासमोर कायद्याची व्याख्या नसून बाहेर जमलेला जमाव असणार.

पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये अक्षरशः हेच घडले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. तो बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे अशा आशयाची पोस्ट एका तरुणीने फेसबुकवर लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि ते प्रकरण बंदही झाले. परंतु एका ‘लाइक’साठी रात्री पोलीस ठाणे पाहावे लागते, ही बातमी प्रत्येक घरातल्या आईवडिलांपर्यंत पोचली होती, आणि ‘तू काही लिहू नकोस’ हे वाक्य मी त्या काळात कितीतरी घरांत ऐकले. न्यायालयीन भाषेत ज्याला अभिव्यक्ती गोठवणारा परिणाम म्हणतात, तो मला त्या वाक्यात प्रत्यक्ष दिसला.

या अटकेमुळे अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिची आजी न्या. सुनंदा भंडारे दिल्ली उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या, म्हणजे कायदा घरातलाच होता. तिच्या वतीने सोराबजी उभे राहिले. खटला एकट्या सोराबजींचा मात्र नव्हता. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेची आणि इतरांच्याही याचिका सोबत होत्या, आणि संजय पारीख, करुणा नंदी, अपार गुप्ता अशा वकिलांनी त्यात मोठे कष्ट घेतले. अपार गुप्ता पुढे इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक झाले. अशा खटल्यांची कीर्ती युक्तिवाद करणाऱ्या मोठ्या वकिलाला मिळते, पण देशभरातले एफआयआर गोळा करणे, परदेशी निकाल शोधणे, तारखा पाळणे, हे काम करणारी माणसे वेगळी असतात, आणि त्यांचा उल्लेख झालाच पाहिजे.

खंडपीठ न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांचे होते. रोहिंटन हे फली नरिमन यांचे चिरंजीव, त्यामुळे केशवानंद खटल्यातल्या सहकाऱ्याच्या मुलासमोर सोराबजी युक्तिवाद करत होते. २४ मार्च २०१५ रोजी न्या. नरिमन यांनी लिहिलेल्या निकालाने कलम ६६अ पूर्णपणे घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू मांडणे) आणि चिथावणी या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या आणि बंधन घालायचे ते चिथावणीच्या पायरीवर, असे सांगितले. अनुच्छेद १९(२) मध्ये बंधनाची आठ कारणे दिलेली आहेत आणि ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ त्यांत कुठेही नाही. इंग्लंडमधल्या दोन खटल्यांचा दाखला देऊन निकालपत्रात असेही दाखवले आहे की, एकाच मजकुराविषयी प्रशिक्षित न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. मग ठाण्यातल्या अधिकाऱ्याने आणि सामान्य लिहिणाऱ्याने कशाच्या आधारावर ठरवायचे? आम्ही या कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, असे आश्वासन सरकारतर्फे देण्यात आले होते. सरकारे येतील आणि जातील, पण कलम कायम राहील, असे म्हणून न्यायालयाने ते बाजूला ठेवले. १९७५ च्या सेन्सॉरला विचारलेला प्रश्नच इथे पुन्हा विचारला गेला होता, फरक इतकाच की या वेळी मूलभूत हक्क जागेवर होते आणि त्यामुळे कलमच उखडता आले.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १७ मार्च २०१५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता, तो झाकोळून गेला याची मला खंत आहे. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा संस्कार मराठे या वकिलांनी स्वतःहून जनहित याचिका केली होती. त्या चित्रांत विनोद किंवा मार्मिकता नाही असे न्यायालयाला वाटले, तरीही संताप व्यक्त करण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि राजद्रोहाचे कलम लावण्यापूर्वी विधी अधिकाऱ्याचे लेखी मत घेण्याचे बंधन पोलिसांवर आणले. न्यायाधीशाला न आवडलेल्या अभिव्यक्तीलाही संरक्षण मिळते, हे इतक्या सरळपणे सांगणारे निकाल थोडेच आहेत.

रद्द झालेले कलम कागदावरून गेले, पोलीस ठाण्यांतून मात्र लवकर गेले नाही. २०१५ नंतरही अनेक राज्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदले जात राहिले, पीयूसीएलला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. सोराबजी त्याआधीच, ३० एप्रिल २०२१ रोजी, करोनाने गेले.

आमच्यासारख्या वकिलांसमोर आज जी प्रकरणे येतात, त्यांत ६६अ नसते. त्या जागी भारतीय न्याय संहितेतली वैमनस्याची, धार्मिक भावना दुखावल्याची किंवा अफवेची कलमे असतात, आणि त्याआधी ‘१४९ ची नोटीस’ असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली, सण किंवा निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला पोलीस लेखी ताकीद देतात की ग्रुपवर काही आक्षेपार्ह आले तर तुम्हाला जबाबदार धरू. नोटीस घेऊन आलेला माणूस बहुधा घाबरलेला असतो आणि त्याने ग्रुप आधीच बंद केलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनवर गुन्हा लादता येत नाही. हा निकाल मी अशा प्रत्येक पक्षकाराला समजावून सांगतो. नोटिशीला उत्तर देतानाही जुनाच प्रश्न उपयोगी पडतो: ‘आक्षेपार्ह’ म्हणजे कोणत्या कलमानुसार?

श्रेया सिंघल निकालात एक उणीव राहिली, असे माझे प्रामाणिक मत आहे. मजकूर अवरुद्ध करण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ न्यायालयाने प्रक्रियेची हमी आहे म्हणून कायम ठेवले, पण ती प्रक्रिया गोपनीय आहे. ज्याचे लेखन अडवले जाते, त्याला बहुतेक वेळा आदेशाची प्रतही हाती पडत नाही, आणि आदेशच नसेल तर वकिलाने आव्हान द्यायचे कशाला?

वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी समाजमाध्यम कंपन्यांची जबाबदारी कुठवर, हे ठरवणाऱ्या कलम ७९ च्या बाबतीत निकाल अधिक ठाम होता. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना असल्याशिवाय मजकूर हटवण्याची सक्ती कंपनीवर नाही, आणि तीही अनुच्छेद १९(२) च्या कारणांपुरतीच, असे त्यात म्हटले. त्याच तत्त्वाचा आधार पुढे मुंबईत मिळाला. सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे की नाही हे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवायचे, अशी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हानित केली. कामरांच्या वतीने नवरोज सीरवाई उभे होते, महाराष्ट्राचे दीर्घकाळ महाधिवक्ता राहिलेले एच. एम. सीरवाई त्यांचे वडील. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये न्या. पटेल यांच्या मताला दुजोरा दिला, आणि दुरुस्ती रद्द झाली. तिथेही आक्षेप शब्दांच्या मोघमपणावर आणि ठरवणाऱ्याच्या स्थानावर होता.

सध्या वाद गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलचा आहे, ज्यावरून निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर हटवण्याचे आदेश पाठवू शकतात. एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीची त्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली आणि श्रेया सिंघल निकाल आजच्या नियमांना जसाच्या तसा लावता येणार नाही, असे म्हटले. मला हे पटलेले नाही. हटवण्याचा अधिकार इतक्या हातांत गेल्यावर प्रत्येक हाताला तो कोणत्या कलमाने मिळाला, हे वरच्या न्यायालयात एकेका आदेशागणिक विचारले जायला हवे. त्यासाठी ज्यांचा मजकूर हटला, त्या साध्या लिहिणाऱ्यांनीही पक्षकार म्हणून पुढे यायला हवे. आतापर्यंत तिथे प्रामुख्याने कंपनी बोलली आहे, आणि कंपनीला अनुच्छेद १९ चा आधार नागरिकासारखा मिळत नाही.