पहिलटकरीण नाही

गेल्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा नर्सने नव्या फाइलवर ‘पहिलटकरीण’ लिहिलं. घरात मूल नाही म्हटल्यावर तिला तसं वाटणं साहजिकच होतं. मी तिला ते खोडायला लावलं. माझी पहिली मुलगी अकरा दिवस जगली. दुर्वा तिचं नाव.

तेव्हा सातवा महिना होता, मे अखेरचा उकाडा. पाय सुजले, बोटातली अंगठी निघेना, सकाळी उठलं की तोंड सुजलेलं. घरातल्या बायका म्हणाल्या, दिवसांत असं होतंच. मलाही ते पटलं. दोन दिवस डोकं ठणकत होतं, तर बाम चोळून झोपले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि उजव्या बरगडीखाली कळ आली, ती मी पित्ताची समजले. डिचोलीच्या दवाखान्यात बीपी भरलं १७०/११०, लघवीत प्रथिनं. तिथून ॲम्ब्युलन्सने थेट बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. विसाव्या आठवड्यानंतर यातलं काहीही जाणवलं, तर कृपा करून उकाड्यावर नि पित्तावर ढकलू नका. त्याच दिवशी बीपी बघून घ्या.

आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, ते शिरेत जाताना सगळं अंग भाजून निघतं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं. बाळ आणि वार बाहेर आल्याशिवाय हा आजार उतरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. वजन ८८० ग्रॅम.

काचेच्या पेटीत ती, आणि बाहेर मी हाताने दूध काढत बसलेली. पहिल्या दिवशी नुसते थेंब. ते सिरिंजमध्ये ओढून नळीतून तिला द्यायचे, दर दोन तासांनी एक मिलिलिटर. माझ्या करंगळीचं टोक ती मुठीत धरायची, आणि धरलं की सोडायची नाही. दहाव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग पसरला. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. नळ्या काढल्यावर तिचा पूरा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

दूध मात्र थांबेना. घरी आले तर छाती दगडासारखी, झंपर भिजून चिकटलेला. दूध आटवायच्या गोळ्या बीपीमुळे मला चालणार नव्हत्या. थंड पाण्याच्या घड्या ठेवा, अगदीच असह्य झालं तर थोडंसंच पिळा, एवढंच सांगितलं होतं. आईने बाजारातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, पातळ फडक्यात गुंडाळून छातीवर बांधल्या. जुन्या बायका असंच करायच्या म्हणे. संध्याकाळपर्यंत फुलं तापून तपकिरी व्हायची, मग दुसरी. पाच-सहा दिवसांनी दूध आटलं. आटल्यावर मी जास्त रडले. तिच्यासाठी म्हणून अंगात आलेलं तेवढंच उरलं होतं.

जिवंत जन्मलेल्या बाळाची जन्माची नोंद होते आणि मृत्यूचीही. नोंदीच्या वेळी कारकून नवऱ्याला म्हणाला, नावाची जागा कोरी ठेवली तरी चालेल. नवरा म्हणाला, लिहा, दुर्वा. ती चवथीच्या सुमाराला व्हायची होती, म्हणून हे नाव आम्ही आधीच ठरवलेलं. कपाटात दोन दाखले आहेत, दोन्हींवर ते नाव आहे.

भेटायला आलेले म्हणायचे, लळा लागायच्या आत गेली ते बरं. माझ्या पोटात ती सात महिने होती, लळा आणखी कधी लागायचा? एकटी शेजारची वयस्क काकी येऊन बसली आणि म्हणाली, “नाक कोणाचं गो बाय, तुझं की त्याचं?” मी तासभर बोलत राहिले. नाक ह्यांचंच होतं. काकीने ऐकून घेतलं, पेज करून दिली आणि गेली.

परवा डॉक्टरीणबाईंनी खोडलेली ओळ पाहिली, सगळं विचारून घेतलं. पहिल्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया झालेला म्हणून आता बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन, आणि बीपी घरीच रोज लिहून ठेवायचं. नर्सने फाइल पुन्हा ओढली, ‘दुसरी खेप’ लिहिलं आणि विचारलं, “पहिल्या बाळाचं वजन किती होतं?”

“८८० ग्रॅम,” मी सांगितलं.