माहेरी निघालीस? फाईल घे

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत मी आशा म्हणून काम करते. इथली बरीच घरं सातारा जिल्ह्यातली, जावळी-पाटणकडची. सातवा लागला की ओटी भरतात आणि पहिलटकरीण माहेरी निघते. ही रीत मला मनापासून आवडते. आईच्या हातचं खाऊन, जरा टेकून लेक बाळंत होते. माझं म्हणणं आहे ते तिच्या दवाखान्याच्या तपासण्यांच्या फाईलबद्दल.

बॅगेत साड्या जातात, दुपटी जातात, फाईल मात्र इथल्या कपाटात राहते. "तिकडचे डॉक्टर परत तपासतीलच की!" तपासतील. पण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार खाली होती, हिमोग्लोबिन ८ होतं ते गोळ्यांनी कितीवर आलं, साखर कशी होती, हे त्यांना कोण सांगणार?

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतली एक सून अशीच निघाली होती. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळ पॉझिटिव्ह असलं आणि त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं, पण पुढच्या बाळाच्या रक्तपेशी ती प्रतिपिंडं फोडू शकतात. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. लहान दवाखान्यात ते हाताशी असेलच असं नाही, आधी सांगून ठेवावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गावात कुठं होतं हे?" मी म्हटलं, "काकू, म्हणूनच कुणाचं दुसरं-तिसरं बाळ का गेलं, ते कळायचंच नाही." मग त्यांनीच फाईल काढून सुनेच्या पर्समध्ये घातली.

दुसरी काळजी बीपीची. ते बऱ्याचदा शेवटच्या महिन्यांतच चढतं. म्हणून २८ आठवड्यांनंतर दर पंधरवड्याला आणि ३६ नंतर दर आठवड्याला तपासणी हवी. नेमकी तेव्हाच पोर माहेरी असते आणि घरचे म्हणतात, कळा आल्या की नेऊ. तसं करू नका. बीपी १४०/९० च्या वर गेलं, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते, तुमच्या गावाकडेही.

आणि माहेरच्या आशाताईला आधीच नाव कळवा. दवाखान्यातून घरी आल्यावर, बाळाच्या जन्मापासून मोजून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघते, आईचं अंगावरून जाणं विचारते. घरी जाऊन बाळ सांभाळायची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत करून दाखवली. तिच्या यादीत नावच नसलं, तर ती दारात येणार कशी?

एपीएमसी बाजारात कामाला असलेल्या भावांनो, फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्येही ठेवा. रात्री १०८ बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, तर रक्तगट तिथल्या सिस्टरला तुम्ही इथून लगेच पाठवू शकाल.